विचारा, सांगतो : पाच हजारांत पॉवर सप्लाय कोणता?

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं एकाच विषयावरची निघाली. सुट्टी लागली की पोरांना आणि निवृत्त मंडळींना एकदमच सोल्डरिंगची आठवण होते, आणि टेबलावर पहिली अडचण येते ती विजेची. भोसरीच्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. दिवसभर समोर पॉवर सप्लायच, म्हणजे नॉब फिरवून हवं तेवढं व्होल्टेज देणारे डबेच असायचे, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलतो. संपादकांनी पानं वाढवून दिली आहेत, तेव्हा एका दमात उरकून घेऊ.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी आर्डुइनो, ईएसपी३२ असे प्रोग्रॅम करता येणारे बोर्ड आणि छोट्या मोटरी यांवर प्रयोग करतो. आतापर्यंत मोबाइलचा चार्जर आणि ९ व्होल्टची बॅटरी यांवर भागवलं. आता वडील पाच हजार रुपये द्यायला तयार आहेत. ३० व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय ५ अँपिअरवाल्यापेक्षा थोडाच महाग दिसतो. कॉलेजात आरपीएस (रेग्युलेटेड पॉवर सप्लाय) आहे तो २ अँपिअरचाच. मग एकदाच मोठा घेऊन टाकावा का? — एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांग, आणि १० अँपिअरचा नाद सोड.

तू चालवतोस काय काय, ते आधी मोजू. आर्डुइनो उनो नुसता चालू असताना ५० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. ईएसपी३२ वायफाय सुरू करताना क्षणभर उसळी मारतो, त्याच्यासाठी अर्धा अँपिअर राखून ठेवला की झालं. ५ व्होल्टचा छोटा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, ७० मिलिअँपिअर. एसजी९० ही छोटी सर्व्हो मोटर कुठे अडकली तर पाऊण अँपिअरपर्यंत जाईल. हे सगळं एकाच वेळी लावलंस तरी दोन अँपिअर पुरून उरतात. कॉलेजवाल्यांनी आरपीएस २ अँपिअरचा घेतला तो कंजूषपणा म्हणून नव्हे. एलईडीची रंगीत पट्टी मात्र खादाड असते. मीटरला ६० दिवे असतील आणि सगळे पूर्ण पांढरे लावले तर दिव्याला ६० मिलिअँपिअर धरून ३.६ अँपिअर होतात. पण पट्टीसाठी ५ व्होल्टचा जाळीच्या डब्यातला साधा एसएमपीएस (ठरावीक व्होल्टेजचा सप्लाय) वेगळा मिळतो, स्वस्त मिळतो. तिच्यासाठी टेबलावरच्या सप्लायचं माप ठरवू नये.

मग पैसे मोजायचे कशाचे? करंटच्या नॉबचे. व्होल्टेज तर तुझा चार्जरही देतो. चार्जर देत नाही ती मर्यादा. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंगशिवाय जोडणी करायच्या पाटीवर, प्लस-मायनसची अदलाबदल झाली की दोन अँपिअरचा चार्जर दोनही अँपिअर त्या बिचाऱ्या आयसीत ओततो. बोटाला चटका बसतो तेव्हा आपल्याला कळतं. सप्लायवर मर्यादा १०० मिलिअँपिअरला बांधलेली असेल तर व्होल्टेज आपोआप खाली येतं, 'सीसी' (कॉन्स्टंट करंट) लिहिलेला लाल दिवा लागतो आणि आयसी बहुतेक वेळा वाचतो. मर्यादा लावायची रीत अशी : काहीही न जोडता व्होल्टेज ५ वर आण, करंटचा नॉब शून्यावर ने, लाल आणि काळी वायर एकमेकींना टेकव, नॉब हळूहळू वाढवत आकडा ०.१५ पर्यंत आण, वायरी सोडव. झालं. काही मॉडेलांत वायरी न टेकवताच ठरवलेला आकडा दिसतो. तसं असेल तर उत्तम.

आता १० अँपिअरवाल्याची गंमत बघ. साधा नॉब पाऊण फेरा फिरतो, म्हणजे २७० अंश. त्यात १० अँपिअर बसवायचे तर १०० मिलिअँपिअर येतात २.७ अंशांत. बोट थरथरलं तरी मर्यादा दुप्पट! ३ अँपिअरच्या सप्लायवर त्याच १०० मिलिअँपिअरला ९ अंश मिळतात. शिवाय मोठ्या मॉडेलांच्या आकडे दाखवणाऱ्या पट्टीवर (डिस्प्लेवर) करंटचे आकडे पुष्कळदा तीनच असतात, म्हणजे सगळ्यात लहान पायरी १० मिलिअँपिअर. तुझं सर्किट ४ मिलिअँपिअर घेतंय की ९, ते कळणारच नाही. चार आकडी पट्टी, एक मिलिअँपिअरपर्यंत दाखवणारी, ती घे. आणि आउटपुट चालू-बंद करायचं वेगळं बटण हवंच. मेन स्विचने सर्किट चालू करू नये. स्वस्त सप्लाय चालू होताना आणि बंद होताना व्होल्टेज क्षणभर कुठे उडी मारेल याचा नेम नसतो.

करंटच्या मर्यादेवर आंधळा भरवसाही नको. सप्लायच्या तोंडाशी एक कपॅसिटर बसवलेला असतो. तो आधीच १२ व्होल्टला भरून बसलेला आहे आणि तू २० मिलिअँपिअरची मर्यादा लावून उघडा एलईडी टेकवलास, तर आधी कपॅसिटर आपली शिदोरी एलईडीवर रिकामी करतो, मग मर्यादा जागी होते. तोवर एलईडीचं जे व्हायचं ते होऊन जातं. म्हणून रेझिस्टर लाव, नाहीतर आउटपुट बंद ठेवून एलईडी जोड आणि व्होल्टेज शून्याकडून वाढव.

थोडक्यात तुझी खरेदी : ३० व्होल्ट, ३ किंवा ५ अँपिअर, स्विचिंग जातीचा (म्हणजे काय ते खाली नाशिकच्या पत्रात), चार आकडी पट्टी, आउटपुटचं बटण. तुझ्या पैशांत बसतो आणि मल्टिमीटरपुरते पैसे उरवायला बघ. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत हातात धरून बघ. मुंबईला गेलास तर लॅमिंग्टन रोड आहेच. ऑनलाइन मागवलास तर खोका उघडल्यावर प्लग लावायच्या आधी मागची बाजू बघ. बाहेरून आलेल्या कित्येक सप्लायवर ११०/२२० असा सरकता स्विच असतो आणि तो ११० वर असू शकतो. तसाच आपल्या २३० व्होल्टला लावलास तर आतले कपॅसिटर फुटतात आणि खोलीभर तो ओळखीचा वास सुटतो. मग परत करायला गेलं की विक्रेता म्हणणार, तुम्हीच बिघडवला.

परत करायची मुदत आहे तोवर परीक्षा घेऊन टाक. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब आण, होल्डरसकट. १२ व्होल्टला तो पावणेदोन अँपिअर घेतो. बल्ब लावल्यावर टर्मिनलवर मल्टिमीटर धर. बिनलोडचं आणि लोडचं व्होल्टेज यांत जेमतेम काही शतांश व्होल्टचा फरक दिसायला हवा. मग मर्यादा १ अँपिअरला बांधून तोच बल्ब पुन्हा लाव. थंड तारेचा रेझिस्टन्स गरम तारेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळे सुरुवातीलाच सीसीचा दिवा लागेल आणि बल्ब मिणमिणता राहील. तो भकाभक पेटला तर करंटचा नॉब शोभेचा आहे असं समज आणि खोका परत बांध.

सोबत येणाऱ्या वायरींबद्दलही सांगतो. त्या बाहेरून जाड आणि आतून केसासारख्या असतात. मीटरभर लांब बारीक वायरींची जोडी जाऊन-येऊन ०.१७ ओहम धर. ३ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. सप्लाय ५ दाखवतो, बोर्डाला साडेचार मिळतात, आणि आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची मऊ वायर आणून बनाना पिना लावून घे. तेवढ्याच लांबीला, तेवढ्याच करंटला ती ०.०७ व्होल्ट खाते.

प्रश्न : आमच्या शाळेत जुने संगणक पडून आहेत. त्यांचे पॉवर सप्लाय काढून आठवी-नववीच्या मुलांना प्रयोगशाळेत वापरता येतील का? खर्च शून्य. — एक विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : बाई, चालू होतील, पण मुलांच्या हातात मी ते देणार नाही.

चालू करणं सोपं आहे. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की पंखा फिरतो. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. काही जुने सप्लाय ५ व्होल्टवर थोडा लोड असल्याशिवाय नीट चालत नाहीत. त्यांना लाल-काळीमध्ये १० ओहम १० वॉटचा रेझिस्टर बांधावा लागतो. अडचण पुढे आहे. पिवळ्या वायरीतून पंधरा-वीस अँपिअर सहज निघतात आणि सप्लायला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण तो त्यासाठीच बनवला आहे. मुलाने दोन क्रोकोडाइल क्लिप चुकून टेकवल्या तर सप्लाय बंद पडेपर्यंत वायरीचं प्लास्टिक वितळलेलं असतं. शॉर्ट पुरता नसेल, अर्धवट असेल, तर तो बंदही पडत नाही. आणि डबा उघडलाच तर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं, प्लग काढल्यावरही काही काळ टिकणारं. शाळेत कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालणारच. मी तुमच्या वर्गात असतो तर मीच घातला असता.

त्याऐवजी घराघरांत जुन्या राउटरचे, सेटटॉप बॉक्सचे १२ व्होल्ट १ अँपिअरचे अ‍ॅडॉप्टर पडलेले असतात. पालकसभेत मागा, पिशवीभर जमतील. प्रत्येकाला अर्धा अँपिअरचा फ्यूज लावा. ओहमच्या नियमापासून मोटर फिरवण्यापर्यंत आठवीचं सगळं त्यात होतं. तुमच्या स्वतःच्या टेबलावर एक नॉबवाला सप्लाय असू द्या, प्रात्यक्षिकासाठी.

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी. ट्रान्झिस्टरचे प्रीअ‍ॅम्प्लिफायर बनवणं हा जुना छंद. नवा स्विचिंग सप्लाय घेतला, पण स्पीकरमधून बारीक 'सूं' येतं. दुकानदार म्हणतो लिनिअर घ्यायला हवा होता. तो जड आणि महागही आहे. खरंच फरक पडतो का? शिवाय मला प्लस-मायनस १२ व्होल्ट हवे आहेत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : फरक पडतो, पण आधी आवाज नीट ऐका. जाडसर 'गुंऽऽ' असेल तर ती मेनची ५० किंवा १०० हर्ट्‌झची घरघर. ती बहुतेकदा अर्थिंगच्या वायरींचा फेरा पडल्यामुळे येते आणि सप्लाय बदलून जात नाही. बारीक 'सूं' किंवा 'चीं' असेल, लोड बदलला की सूर बदलत असेल, तर दुकानदार बरोबर बोलतोय.

स्विचिंग सप्लाय आत सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. त्याचा थोडा कचरा बाहेर येतोच. स्वस्तातल्यांत तो दोन आकडी मिलिव्होल्टमध्ये असतो. आर्डुइनोला त्याचं काही वाटत नाही. तुमचा प्रीअ‍ॅम्प मात्र मिलिव्होल्टमध्येच बोलतो, त्याला ते ऐकू येतं. लिनिअरमध्ये ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कपॅसिटर आणि २एन३०५५सारखे ट्रान्झिस्टर. कचरा एखाद-दोन मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी.

त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. ३० व्होल्टच्या लिनिअरमध्ये आत साधारण ३६ व्होल्ट उभे असतात. तुम्ही ३.३ व्होल्टला ३ अँपिअर मागितलेत तर उरलेले पावणेतेहतीस व्होल्ट गुणिले ३, म्हणजे जवळजवळ शंभर वॉट हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर. तुम्हाला मिळाले दहा! म्हणून बरे लिनिअर सप्लाय ट्रान्सफॉर्मरचे टॅप रिलेने बदलतात. नॉब फिरवताना मधेच टक् वाजतं ते त्यामुळे. माझ्या टेबलावरचा वाजला की आमच्या घरात अजून 'पाल चुकचुकली' म्हणतात. असा टक् वाजणारा ३० व्होल्ट ५ अँपिअरचा लिनिअर हातात धरून बघा. हलका लागला तर आकड्यांवर विश्वास ठेवू नका. तांबं-लोखंड फसवत नाही.

नवा घेण्याआधी एक स्वस्त उपाय करून बघा. सप्लाय १६ व्होल्टला लावा, पुढे १०० मायक्रोहेन्‍रीची कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्यापुढे एलएम३१७ हा व्होल्टेज बांधून देणारा आयसी लावून १२ करा. कॉइल वगळू नका. एलएम३१७ मेनची घरघर छान गिळतो, पण वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याची ताकद ओसरते. तिथे कॉइलच कामाला येते. यानेही सूं राहिलं तर जुना लिनिअर शोधा. ठाण्याच्या अ‍ॅपलॅबचे जुने प्रयोगशाळेतले सप्लाय भंगारात आणि लिलावात अजून निघतात. घासलेले नॉब आणि सुकलेले कपॅसिटर बदलले की पुढची कित्येक वर्षं चालतात. पाच हजारांत नव्या स्वस्त लिनिअरपेक्षा मी तोच घेईन.

प्लस-मायनस १२ साठी दोन वेगळी आउटपुट लागतात, एकमेकांपासून आणि अर्थिंगपासून सुटी. पहिल्याचं मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडलं की तो तुमचा मधला शून्य. पॅनेलवर तिसरं हिरवं टर्मिनल दिसतं ते मायनस नव्हे, ते अर्थिंग. त्याचा आणि काळ्याचा आत संबंध नसतो. प्लग काढून मल्टिमीटरने तपासा. हिरवं टर्मिनल आणि प्लगची मोठी पिन यांत एक ओहमच्या आत दिसायला हवं, काळं आणि मोठी पिन यांत जोडणीच दिसायला नको. पहिलं जुळत नसेल तर तो सप्लाय घरात घेऊ नका.

प्रश्न : लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडून आहे. त्यावर एलएम३१७ लावून स्वतःच सप्लाय बनवला तर? — एक वाचक, लातूर

उत्तर : बनवा, पण एलएम३१७ वर नको. त्यात करंटचा नॉब नाही, तो १.२५ व्होल्टच्या खाली येत नाही, आणि १९ मधून ५ व्होल्टला १ अँपिअर काढलात तर १४ वॉट तापणार. एक्सएल४०१५चा दोन पॉटवाला (पॉट म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) मॉड्यूल घ्या. त्यात एक पॉट व्होल्टेजचा, एक करंटचा. ५ अँपिअर छापलेले असले तरी हीटसिंकशिवाय दोन-अडीचवर समाधान माना. छोटे पॉट काढून पॅनेलवर मोठे बसवले की गरिबाचा सप्लाय तयार. थोडे जास्त पैसे असतील तर डीपीएस५००५ हा पट्टीवाला मॉड्यूल. तो ५० व्होल्ट लिहितो, पण आत जाईल त्याहून कमीच बाहेर येणार. १९ वर तुम्हाला १७ मिळतील. छंदाला १७ खूप झाले.

दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर आउटपुटला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात. मेन आणि आउटपुट यांमधल्या छोट्या कपॅसिटरमधून गळणारा तो अगदी थोडा करंट. निरोगी अ‍ॅडॉप्टरमध्ये माणसाला धोका नाही, पण नाजूक आयसीला होऊ शकतो. सोल्डरिंग करताना अ‍ॅडॉप्टर काढून ठेवा.

प्रश्न : न्यू जर्सीहून कायमचे परत येतोय. तिथे घेतलेला १२० व्होल्टचा लिनिअर सप्लाय आणावा का? — एक वाचक

उत्तर : मागची पट्टी वाचा. १२०/२४० चा स्विच असेल आणि '५०/६० हर्ट्‌झ' छापलं असेल तर आणा, स्विच बदला, फ्यूजही आधीच्या निम्म्या अँपिअरचा घाला. नुसतं '६० हर्ट्‌झ' असेल तर तिथेच विका. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळेल, पण ६०साठी मोजून बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर तापतो. विमानात वजनाचे पैसे वेगळे.

प्रश्न : यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी टेबलावरच्या सप्लायने चार्ज करता येते का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : येते, आणि करंटची मर्यादा असलेल्या सप्लायचा हा फार चांगला उपयोग आहे. मर्यादा ०.७ अँपिअर, व्होल्टेज १३.८. सुरुवातीला सीसीचा दिवा लागेल, बॅटरी भरत आली की सीव्हीचा (कॉन्स्टंट व्होल्टेज) लागेल आणि करंट उतरत जाईल. शंभर मिलिअँपिअरच्या खाली गेला की काढा. कित्येक तासांनीही उतरत नसेल आणि बॅटरी गरम लागत असेल तर ती संपली आहे, आशा सोडा. लिथियमचे सेल मात्र या पद्धतीने करू नका, तिथे ४.२ व्होल्टला शतांशाचा हिशेब असतो आणि स्वस्त सप्लायची पट्टी तेवढी खरी नसते. त्यांच्यासाठी चार्जरचा छोटा बोर्ड मिळतो.

लाईट गेली की बॅटरी उलट सप्लायमध्ये करंट सोडते, आणि आपल्याकडे लाईट जातेच. म्हणून प्लसच्या वायरीत करंट एकाच दिशेने जाऊ देणारा ३ अँपिअरचा शॉट्की डायोड घाला. त्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास जातं, तेव्हा १३.८ हा आकडा सप्लायच्या पट्टीवर न बघता बॅटरीच्या टोकांवर, करंट उतरत आल्यावर, मल्टिमीटरने बघा. जोडताना आधी सप्लाय चालू करून व्होल्टेज लावून घ्या, मग बॅटरी. काढताना बॅटरी आधी.